ओढा नकाशात नाही म्हणे

"नकाशात नाही." कचेरीत शेतकऱ्याला गप्प करायला एवढे दोन शब्द पुरतात. पाणंद होती, तिच्यातनं बैलगाडी जात होती, तुमच्या आज्याची तिरडीसुद्धा त्याच वाटेनं गेली, सगळं कबूल. पण नकाशात नाही. ओढा होता, त्यात गावची पोरं पोहायला शिकली, त्याच्या काठाला गौरी आणायला बाया जायच्या. पण नकाशात नाही. मग माणूस मान खाली घालून बाहेर येतो, टपरीवर अर्धा कप चहा घेतो आणि गाडीला किक मारतो. साहेब, कुठल्या नकाशात नाही, एवढं तो विचारत नाही.

माझं सगळं भांडण या एका प्रश्नापायी आहे. नकाशा हा काही एकच कागद नसतो. आपल्या एकाच शिवाराचे सरकारनं निदान तीन नकाशे केलेत. ते तीन कपाटांत ठेवलेत, आणि ज्या कपाटात तुमचा ओढा नाही त्याचीच किल्ली साहेबांच्या हातात असते.

पहिला नकाशा महसुलाचा. याची सुरुवात आमच्याच तालुक्यात झाली, हे आमच्या पोरांना शाळेत कुणी सांगत नाही. पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारचा पहिला मोजणीचा प्रयोग, प्रिंगल साहेबाचा, पार फसला. सारा इतका बसला की लोक जमिनी टाकून गेले. मग १८३५ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापूर तालुक्यात नव्यानं मोजणी धरली. तेहतीस फुटांची साखळी, शंकू, हद्दीला दगड. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा, असे चाळीस गुंठे म्हणजे एकर, हे आपण अजून बोलतो ते त्या साखळीचं बोलणं आहे. शेताशेताला सर्व्हे नंबर पडला. त्याआधी शेताला नाव होतं. आमच्याकडं अजून म्हातारी माणसं "लवणातलं", "वगळीचं", "चिंचेची पट्टी" अशीच बोलतात. नंबर आला आणि कागदावरनं नाव गेलं.

ही मोजणी काही आपल्या प्रेमापोटी झाली नव्हती. ती साऱ्यासाठीच होती. तीस वर्षांची मुदत संपल्यावर फेरआकारणी झाली, सारा वाढला. पुढं १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांची खतं जाळली. त्याला सावकारी होती, कापसाचे पडलेले भाव होते, बरीच कारणं होती. पण वाढलेला सारा हेही त्यातलं एक होतंच. तेव्हा इंग्रजांनी काय सुंदर नकाशे केले म्हणून गहिवर काढणाऱ्यांतला मी नाही. पण ज्याला सारा घ्यायचा त्याला कसणारी किती आणि न कसणारी किती हे चोख मोजावं लागतं. ओढ्याखालची जमीन पिकत नाही, तिच्यावर सारा बसत नाही, म्हणून ती वेगळी काढावी लागते. तिला पोटखराबा म्हणतात. आपल्या सातबाऱ्यावर पोटखराब्याचे जे गुंठे लिहिलेले असतात आणि ज्यांच्याकडं आपण ढुंकूनही बघत नाही, तो तुमच्या ओढ्याचा आणि वाटेचा दाखला असतो. त्यातही दोन वर्ग आहेत. वर्ग अ म्हणजे खडकाळ, नापीक. ती मेहनत करून वहिवाटीला आणली तर चालतं. वर्ग ब म्हणजे जिच्यावर दुसऱ्यांचा हक्क आहे, वाट, ओढा, पाणवठा. ती तुमच्या नंबरात असली तरी तुमची एकट्याची नाही. किती जणांना ठाऊक आहे हे? मला पन्नाशी उलटल्यावर कळलं, तेही कोर्टाच्या आवारात एका जुन्या कारकुनानं सांगितलं म्हणून.

वाटांचंही तसंच. गाव नकाशावर एक तुटक रेघ म्हणजे पायवाट, तिची रुंदी सव्वाआठ फूट. दोन तुटक रेघा म्हणजे गाडीवाट, साडेसोळा ते एकवीस फूट. हे सव्वाआठ आणि साडेसोळा आकडे कुठनं आले म्हणून मी पुष्कळ दिवस कोड्यात होतो. मग ध्यानात आलं, तेहतीसची पाव साखळी आणि अर्धी साखळी. एवढं साधं. आणि आज त्या साडेसोळा फुटांतनं ट्रॅक्टर जात नाही, कारण दोन्हीकडच्या बांधांनी दरवर्षी नांगराच्या एकेका तासानं वाट खाल्ली.

दुसरा नकाशा गटाचा. १९४७ साली तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा झाला, आणि पुढं गावोगाव सर्व्हे नंबर मोडून गट पडले. हेतू चांगलाच असेल. एका माणसाचे चार ठिकाणचे तुकडे एका जागी यावेत, हे वाईट कोण म्हणेल? पण आमच्या गावात गट पडले तेव्हा जुन्या नकाशावरनं नव्या नकाशावर उतरवताना हद्दी आल्या, नंबर आले, मालक आले. वाटा निम्म्या आल्या. आणि ओढा मधेच तुटला. वरच्या तीन गटांत आहे, पुढच्या दोन गटांत नाही, त्याच्या खालच्या गटात पुन्हा आहे. जणू मधल्या दोन गटांत पाणी जमिनीखालनं बोगदा काढून जात होतं! ज्यानं कुणी तो नकाशा टेबलावर उतरवला, त्याला तहान लागली असेल, उठून पाणी प्यायला गेला असेल, माघारी येऊन पुढचा गट धरला असेल. मी त्याला दोष देत नाही. दोष त्यांचा, ज्यांनी पुढची चाळीस वर्षं तो कागद वेदवाक्य मानला.

तिसरा नकाशा भारतीय सर्वेक्षण विभागाचा. हा महसुलाच्या माणसांनी केलेला नव्हे. सर्वेक्षण विभाग १७६७ पासूनचा. लॅम्बटननं १८०२ साली मद्रासेकडनं त्रिकोण टाकत देश मोजायला घेतला, त्या मोठ्या कामाच्या पायावर पुढं हे नकाशे उभे राहिले. विसाव्या शतकात रंगीत छापून निघाले ते इंचाला एक मैल, नंतर एकास पन्नास हजार. एका पत्रकात साधारण सत्तावीस किलोमीटर लांब आणि सव्वीस रुंद मुलूख मावतो. आमच्या तालुक्याचा उत्तरेकडचा बराचसा भाग ४७ जे आणि ४७ एन या पत्रकांत वाटला गेलाय. या नकाशाला तुमचा गट कुठला हे ठाऊक नाही, मालक कोण याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्याला उतार ठाऊक आहे. बारीक तपकिरी रेघा म्हणजे सारख्या उंचीच्या जागा. रेघा जवळ जवळ आल्या की चढ, लांब पसरल्या की माळ. बारमाही पाणी निळं. पावसाळ्यापुरता वाहणारा ओढा काळ्या रेघेचा. विहीर, देऊळ, वाडी, उठून गेलेलं गाव, सगळ्याला खूण.

या तपकिरी रेघा कशा वाचायच्या हे ज्याला कळलं त्याला कुणी फसवू शकत नाही. ओढा आला की प्रत्येक रेघ तिथं मुरडते आणि तिचं टोक वरच्या अंगाला, पाणी जिकडनं येतं तिकडं, बोट दाखवल्यासारखं होतं. अशा दहा रेघा एकाखाली एक मुरडलेल्या दिसल्या की मधली काळी रेघ कुणी खोडली तरी ओढा कुठनं जातो ते पोरगंसुद्धा सांगेल. जेसीबीनं ओढा बुजवता येतो, पण सबंध शिवाराचा उतार त्याला फिरवता येत नाही.

आता एवढं पुराण कशाला, तर आमच्या ओढ्याची गोष्ट सांगायची आहे.

उजनी धरण १९८० साली झालं. भीमेकाठची गावं पाण्यात गेली, त्या लोकांचं दुःख वेगळं आहे. पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं, तेव्हा शहरातनं लोक फोटो काढायला येतात. धरणाच्या आधीचा इंची नकाशा बघितला की पोटात कालवतं. ती पेठ, ती नदीची मूळची वळणं, काठाकाठानं जाणारी वाट, सगळं आहे. माघारी पाणी आलं तसं आमच्याकडं पाईपलाईनी आल्या, पाईपलाईनींमागं ऊस आला, आणि उसामागं गुंठ्यागुंठ्याला किंमत आली. ज्या ओढ्याकडं कुणी बघत नव्हतं त्याच्या दोन्ही काठांच्या तरवडात लोकांना उसाच्या सऱ्या दिसायला लागल्या. जेसीबी तासावर मिळतो. वरच्या अंगाच्या एका बागायतदारानं दोन दिवसांत ओढा सपाट केला आणि पाण्यासाठी म्हणून दोन फुटी सिमेंटचे नळ घातले. सात-आठ वर्षं काही झालं नाही. दुष्काळाची वर्षं होती, नळातनं उंदीर जात होते.

२०२० च्या ऑक्टोबरात, घटस्थापनेच्या दोनतीन दिवस आधी, पाऊस आला. पुणे-सोलापूर पट्ट्यातल्या माणसाला त्या रात्रीची तारीख सांगावी लागत नाही. माळावरचं सगळं पाणी एकदम खाली आलं. नळ पहिल्याच तासात पाचटानं तुंबले. पाण्याला त्याची जागा सापडली नाही, म्हणून त्यानं दुसऱ्याची घेतली. आमच्या एका भाऊबंदाच्या अडीच एकरांतला हातभर मातीचा थर उचलून नेला, खाली पिवळा मुरूम उघडा पडला. विहीर गाळानं भरली. ऊस तर गेलाच, पण ऊस पुढच्या वर्षी लावता येतो. माती कुठनं आणायची?

त्यानं अर्ज केला. कायदा आहे. मामलेदार कोर्टाचा १९०६ सालचा कायदा, कलम पाच. नैसर्गिक पाण्याला कुणी आडकाठी केली आणि त्यानं शेजाऱ्याच्या शेतीचं नुकसान झालं तर तहसीलदार ती काढायला लावू शकतो. फक्त सहा महिन्यांच्या आत यावं लागतं. तो आला महिन्याभरात. पंचनामा झाला. आणि मग ते दोन शब्द आले. गट नकाशात त्या दोन गटांत ओढा दिसत नाही. म्हणजे नैसर्गिक प्रवाह होता हेच सिद्ध नाही.

"आरं, सत्तर वर्सं बघतुय मी. हितं कंबरंएवढं पानी असायचं," आमच्या वाडीतल्या सगळ्यात थोरल्या आप्पांनी सांगितलं. ते म्हणणं लिहूनही घेतलं नाही.

मग आम्ही जुन्या कागदांच्या मागं लागलो. सर्व्हे नंबराचा जुना गाव नकाशा, टिपण, आकारबंद. अर्ज, फी, पुढच्या आठवड्यात या, दप्तर सापडत नाही, कागद जीर्ण आहे नक्कल निघत नाही. ज्या कचेरीत हे झालं तिचं नाव मी लिहीत नाही, कारण नाव कुठल्याही तालुक्याचं घातलं तरी गोष्ट बदलणार नाही. शेवटी हाती आलं तेव्हा जुन्या नंबरात एकवीस गुंठे पोटखराबा निघाला आणि टिपणावर नागमोडी जोडरेघ. इंची नकाशाची प्रत पुण्याला शिकणाऱ्या एका पोरानं आणून दिली. त्यावर काळी रेघ माळापासनं थेट भीमेपर्यंत अखंड, मधे कुठं तुटलेली नाही. तोवर वर्ष उलटून गेलं होतं. तिन्ही कागद दाखल झाले. प्रकरण अपिलात आहे. नळ अजून तिथंच आहेत.

आता या नकाशांवर घेतले जाणारे आक्षेप मी ऐकलेत, आणि ते सगळेच खोटे नाहीत. साहेब म्हणतात, इंची नकाशावर एक मिलीमीटर म्हणजे जमिनीवर त्रेसष्ट मीटर. त्यावरनं कुणाचा बांध कुठं हे ठरत नाही. बरोबर आहे. बांध ठरवायला तो आणूच नका. पण ओढा होता की नव्हता, माळावरचं पाणी कुठल्या अंगानं उतरायचं, एवढं तर त्यावरनं ठरतं? बांधाला टिपण घ्या, उताराला हा घ्या. दोन कागद एकावर एक ठेवायला कुठल्या कायद्यानं मना केलंय? महसूल खातं म्हणतं तो नकाशा आमचा नाही, सर्वेक्षण म्हणतं मालकी आमचा विषय नाही. दोन्ही सरकारच. दोघांच्या मधल्या फटीतनं आमची माती वाहून गेली.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. हे नकाशे कैक वर्षं असे जपले की जणू आमच्या वगळीतनं शत्रूचे रणगाडे येणार होते. आणि गंमत बघा. अमेरिकेच्या लष्करानं १९५० च्या दशकात आपल्याच सर्वेक्षणाच्या नकाशांवरनं सबंध हिंदुस्थानचे एकास अडीच लाखाचे नकाशे केले. ते टेक्सासच्या विद्यापीठानं इंटरनेटवर कधीचे ठेवलेत, कुणीही बघावेत. म्हणजे माझा ओढा ऑस्टिन शहरातल्या पोराला फुकट दिसत होता, आणि मला माझ्या तालुक्यात अर्ज करून दिसत नव्हता. २००५ साली नकाशा धोरण आलं, संरक्षणाचे वेगळे आणि लोकांसाठी वेगळे असे दोन संच ठरले. २०१७ पासनं आधार क्रमांक देऊन नकाशे उतरवून घेता येऊ लागले, २०२१ साली आणखी मोकळीक आली. चांगलं झालं, मी नावं ठेवत नाही. पण तिथं मिळतो तो आत्ताचा नकाशा. ओढा बुजवल्यानंतरचा नकाशा घेऊन मी ओढ्याचा दावा कसा सांगू? मला पाहिजे तो माझ्या आज्याच्या वेळचा.

आणि आता ड्रोन. सोनोरीला पहिल्यांदा उडाला, मग देशभर योजना झाली, गावठाणातल्या घराघराचा नकाशा निघतोय. घराला कागद मिळाला, कर्ज मिळेल, त्याचा आनंदच आहे. पण ड्रोनला जे आज आहे तेच दिसतं. बुजवलेल्या ओढ्यावर त्याला हिरवागार ऊस दिसणार, आणि तो ऊस उद्या "नकाशात आहे" म्हणून पक्का होणार. नवा नकाशा करताना जुना शेजारी ठेवला नाही, तर अतिक्रमणाला सरकारी शिक्का मारायचं ते यंत्र आहे, मग ते कितीही उंच उडो.

एक सांगायला हवं, आणि ते आपल्याच लोकांना झोंबेल. ओढा सरकारनं बुजवला नाही. १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमाच्या कलम वीसनं ओढे, नाले, सार्वजनिक वाटा सरकारच्या ठरवल्यात. सरकारनं फक्त त्यांच्याकडं पाठ केली. बुजवणारे हात गावातलेच आहेत. तेच लोक ग्रामसभेत पाणी अडवा पाणी जिरवा म्हणून टाळ्या वाजवतात. जलयुक्त शिवारात नाला खोल करायला फोटोपुरते पहिल्या रांगेत, आणि त्याच नाल्याच्या वरच्या टोकाला यांनी सऱ्या पाडलेल्या. त्यांना जुना नकाशा नको आहे. गावात जुना नकाशा टांगलेला सगळ्यात जास्त कुणाला नको असेल, तर पाटबंधाऱ्याच्या साहेबाला नाही, वरच्या अंगाच्या बागायतदाराला.

शहरातल्या वाचकानं हे आमचं बांधावरचं भांडण म्हणून सोडून देऊ नये. पुण्यात आंबील ओढा आहे. पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याला तळं केलं तेव्हा त्याची वाट बदलली होती. २०१९ च्या २५ सप्टेंबरच्या रात्री त्याला पूर आला, माणसं गेली. त्या ओढ्याच्या काठाला घर घेणाऱ्यांतल्या कितीजणांनी जुना नकाशा बघितला असेल? सदनिकेच्या रंगीत पुस्तकात पोहायचा तलाव दाखवतात, ओढा दाखवत नाहीत. आणि काही शहरी मंडळी तर जुने नकाशे चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावतात. आमचा शिवार त्यांच्या सोफ्यावर टांगलेला, आणि आमच्या चावडीची भिंत मोकळी.

माझी मागणी लई मोठी नाही. सातबाऱ्याचं चावडीवाचन होतं ना? तसं नकाशाचं व्हावं. प्रत्येक ग्रामपंचायतीत जुना सर्व्हे नंबराचा नकाशा, गटाचा नकाशा आणि सर्वेक्षणाच्या जुन्या पत्रकातला गावापुरता तुकडा, तिन्ही एका मापाला आणून शेजारी शेजारी लावावेत. पाणंद खुली करताना, नाला रुंद करताना, एखादी जमीन बिगरशेती करताना या तिघांसमोर उभं राहून सही करावी. एका कागदात ओढा आहे आणि दुसऱ्यात नाही असं निघालं, तर "नाही" कुणी सिद्ध करायचं ते ठरवावं. आज ते ओझं ज्याची माती गेली त्याच्या डोक्यावर आहे. ज्यानं नळ घातले त्याच्या डोक्यावर पाहिजे. आणि आप्पांसारखी माणसं आहेत तोवर त्यांना त्या भिंतीपुढं बसवून प्रत्येक वगळीचं, माळाचं, पट्टीचं नाव लिहून घ्यावं. इंग्रजांनी इंदापूरला टाकून दिलेली नावं निदान आपण तरी उचलावीत.

ग्रामसभेत हे मांडलं तेव्हा खर्चाचं काय, असं विचारलं गेलं. वेशीवरच्या कमानीचा खर्च त्याच सभेत मिनिटभरात मंजूर झाला होता. मी तालुक्याला फ्लेक्सवाल्याकडं जाऊन भाव विचारून आलोय. तिन्ही नकाशे मोठे करून छापायचे, तर एका वाढदिवसाच्या बोर्डाएवढे पैसे लागतात.